ओल्या शर्टाचे वजन पेलणारा घडीचा हँगर : मापांसकट आराखडा

प्रवासात नेण्याचा हँगर बनवायचा म्हटले की बहुतेकांचे डोके आधी घडीकडे धावते. किती लहान होईल, सॅकच्या कुठल्या कप्प्यात मावेल, वगैरे. घडी सोपी असते. दोन पट्ट्या एका बोल्टात ओवल्या की झाली. खरी परीक्षा हँगर उघडल्यावर सुरू होते. त्याच्यावर पिळलेला ओला शर्ट टाकायचा आणि रात्रभर त्या पट्ट्या, म्हणजे हँगरचे हात, खाली पडू द्यायचे नाहीत. बाजारातले बरेच घडीचे हँगर इथेच मान टाकतात, कारण ते कोरड्या इस्त्रीच्या शर्टाचा हिशेब धरून केलेले असतात.

बेळगाव जिल्ह्यात तर हा फरक चांगलाच जाणवतो. अथणी, सौंदत्तीकडे कपडा दोरीवर टाकला की दुपारपर्यंत वाळतो. तोच कपडा जुलैत कणकुंबी किंवा जांबोटीत खोलीच्या आत दोन-दोन दिवस ओला राहतो आणि त्याला कुबट वास मारू लागतो. तेव्हा आपल्याकडच्या प्रवाशाला हँगर हवा तो वाळवण्यासाठी. टांगणे हे त्याचे दुय्यम काम. आराखडा तिथूनच सुरू करू.

आधी वजन, मग माप

मोठ्या माणसाचा सुती फुल शर्ट कोरडा असताना २०० ते २५० ग्रॅम भरतो. हाताने पिळून टांगला तर त्याच्या दुपटीपुढे जातो. जीनची पँट कोरडी ६००-७०० ग्रॅम, ओली साधारण १.४ किलो. म्हणून हँगरवर एकूण २ किलो येणार असे धरून आखणी करायची आणि दुप्पट वजनावर, म्हणजे ४ किलोवर, चाचणी घ्यायची.

२ किलोचे प्रत्येक हाताला १ किलो. शर्टाचा भार हाताच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर जास्त बसतो, म्हणून तो मधल्या बोल्टपासून १३ सेंटीमीटरवर आहे असे धरू. आता हात खाली पडू नये म्हणून कुठेतरी अटकाव लागणार. तो बोल्टपासून १ सेंटीमीटरवर ठेवला तर त्याच्यावर १३ किलोचा दाब येतो. २.५ सेंटीमीटरवर ठेवला तर ५.२ किलोचाच. स्वस्तातले प्लॅस्टिकचे हँगर बिजागरीपाशीच का तुटतात, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्यांचा अटकाव बिजागरीला चिकटलेला असतो, कारण तसे केले की हँगर नाजूक आणि छान दिसतो.

दुसरा प्रश्न, घडी कुठल्या दिशेने करायची. हात खाली मिटणारे असतील तर कपड्याचे वजन हँगर मिटवायलाच बघते. मग खटका लागतो, खटक्याला स्प्रिंग लागते, आणि ओल्या वजनाखाली पहिल्यांदा सुटतो तो खटकाच. हात वर, हुकाच्या दिशेने, मिटणारे ठेवले तर उलटे होते. जितके वजन जास्त तितका हात अटकावावर घट्ट बसतो. खटका नको, स्प्रिंग नको. याला एक तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. खाली मिटणारा हँगर गोल गळ्याच्या टी-शर्टात वरून सरकवता येतो, वर मिटणारा नाही येत. त्याला टी-शर्टाच्या खालच्या घेरातून आत न्यावे लागते आणि हुक तेवढा गळ्यातून बाहेर काढावा लागतो. पाच सेकंद जास्त लागतात. त्या बदल्यात खटक्याची कटकट कायमची जाते. हा सौदा परवडतो.

मापे

तयार शर्टाचा खांदा, ४० ते ४२ साइजमध्ये, शिलाईपासून शिलाईपर्यंत ४४ ते ४६ सेंटीमीटर असतो. हँगरची टोके दोन्ही बाजूंनी शिलाईच्या दोन-तीन सेंटीमीटर आत राहिली पाहिजेत. टोक शिलाईच्या बाहेर गेले की बाहीवर शिंग उगवते, आणि ते इस्त्रीशिवाय जात नाही. म्हणून एकूण पसारा ३९ ते ४० सेंटीमीटर. हाताचा उतार २० अंश ठेवला की बहुतेकांच्या खांद्याला जमतो. या उताराने बोल्टपासून टोकापर्यंत २१० मिलिमीटरचा हात आडवा १९७ मिलिमीटर भरतो, म्हणजे दोन्ही मिळून ३९.४ सेंटीमीटर. हिशेब बसला.

प्रत्येक हात बोल्टच्या पलीकडे ३३ मिलिमीटर पुढे काढायचा. ही त्याची शेपूट. उजव्या हाताची शेपूट डावीकडे, डाव्याची उजवीकडे. टोकावर वजन पडले की शेपूट वर उचलायला बघते, आणि तिथे, बोल्टपासून २५ मिलिमीटरवर, अटकावाचा नट तिची वाट अडवतो. हात वर मिटताना शेपूट खाली जाते, नटाचा अडथळा होत नाही. पूर्ण हात २१० अधिक ३३, म्हणजे २४३ मिलिमीटर. अर्ध्या मीटरच्या पट्टीत दोन्ही हात निघतात आणि करवतीच्या कापासाठी थोडे उरतेही.

दोन्ही हातांच्या मध्ये एक पत्रा असतो. उजवा हात त्याच्या पुढच्या अंगाला, डावा मागच्या. हुक याच पत्र्याचा भाग ठेवायचा, वेगळा जोडायचा नाही. जोड म्हणजे आणखी एक खिळखिळी होणारी जागा.

पत्र्याचे माप बोल्टच्या भोकापासून मोजायचे. त्या भोकाला शून्य धरा. पत्रा डावी-उजवीकडे २७-२७ मिलिमीटर, खाली ९, वर २७. खालचे दोन्ही कोपरे तिरके छाटा, तिथे काही काम नाही आणि वजन वाचते. अटकावाची दोन भोके मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे २०.५ मिलिमीटर, वर १७ मिलिमीटर. हुकाचा पाय ८ मिलिमीटर रुंद, पत्र्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून सरळ वर जातो, ७४ मिलिमीटर उंचीवर अर्धवर्तुळाने उजवीकडे वळतो आणि ६६ मिलिमीटरवर संपतो. वळणाची आतली रुंदी ३६ मिलिमीटर, सगळ्यात वरचा बिंदू १०० मिलिमीटरवर. हुकाचा मध्य बरोबर बोल्टच्या डोक्यावर आला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी हँगर कायम एका बाजूला कलून राहील.

३६ का? लॉजच्या कपाटातली दांडी २५ मिलिमीटरच्या आसपास असते, तिला ३० पुरले असते. पण सगळीकडे कपाट नसते. एक इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ३४ मिलिमीटर भरतो, आणि धर्मशाळेच्या न्हाणीघरात किंवा मंडपात हाताशी तोच असतो. खिडकीचा गज आणि भिंतीतली खुंटी तर ३६ मध्ये आरामात बसतात.

पत्र्याऐवजी नुसता दोरीचा फास लावून भागवावे असे कोणालाही सुचेल. हलका होतो, कुठेही अडकतो. पण मग हँगर डुलतो त्या फासाच्या भोकाभोवती, आणि ते भोक कपड्याच्या भारापासून फार जवळ येते. शर्ट एकीकडे १ सेंटीमीटर घसरला तर ताठ हुकाचा हँगर साधारण चार अंश कलतो, फासाचा सात-आठ अंश. कलला की शर्ट आणखी घसरतो.

सामान

मधल्या पत्र्याला २ मिलिमीटर जाडीचे ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील. हे हाताने कापण्याच्या फंदात पडू नका, ड्रिलचे बिट जळतात आणि भोक सरकते. मापाची डीएक्सएफ फाइल (कटिंग मशीनला लागणारे संगणकावरचे रेखाचित्र) करून बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेकडच्या एखाद्या लेझर कटिंगवाल्याकडे द्या. एका तुकड्याला कोणी मशीन लावत नाही, म्हणून ३०० गुणिले २०० मिलिमीटरच्या पत्र्यात सहा नग बसवा. नगांमध्ये ४ मिलिमीटर सोडले तरी बसतात. सहाही घरात, नातेवाइकांत खपतात. फाइल देताना मापे मिलिमीटरमध्येच आहेत हे तोंडाने सांगा. इंच समजून उघडलेल्या फाइलचा हँगर दारातून आत येणार नाही.

निपाणी, चिकोडी, खानापुरात लेझर हाताशी नसेल तर ३ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, जिगसॉ किंवा बारीक दात्याच्या हॅकसॉने कापा आणि हुकाचा पाय ८ ऐवजी १० मिलिमीटर ठेवा. कडा कानशीने गोल केल्याच पाहिजेत.

हातांना अ‍ॅल्युमिनियमची १२ गुणिले ३ मिलिमीटरची पट्टी, अर्धा मीटर. खिडक्या-पार्टिशन करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे तिचे तुकडे पडलेले असतात. वाकडी झालेली पट्टी घेऊ नका. सरळ करता येते, पण पूर्ण सरळ कधीच होत नाही.

फिटिंगला एम५ चा, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचा, २० मिलिमीटर लांबीचा बटण हेड (गोलसर डोक्याचा) बोल्ट एक, त्याला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा), दोन नायलॉनचे आणि दोन स्टीलचे वायसर. नायलॉनचे वायसर १ मिलिमीटर जाडीचे. अटकावासाठी एम३ चे ८ मिलिमीटर लांबीचे सीएसके (डोके खळग्यात बुडणारे) स्क्रू दोन आणि एम३ चे नायलॉक नट दोन. सगळे स्टेनलेसचे. दुकानात कानडीत मागा, मराठीत मागा, ‘सीएसके’ आणि ‘नायलॉक’ हे दोन शब्द तसेच चालतात. एम४ चा सीएसके देऊ केला तर नको म्हणा. त्याचे डोके २ मिलिमीटरच्या पत्र्यात पुरते बुडत नाही.

याशिवाय अर्धा इंची बागेचा पाइप २० सेंटीमीटर, १२ मिलिमीटरची हीट श्रिंक (तापवली की आकसणारी) नळी अर्धा मीटर, हुकासाठी १० मिलिमीटरची १५ सेंटीमीटर, आणि विणलेली नायलॉनची बारीक दोरी अर्धा मीटर. दोरी २ ते ३ मिलिमीटरची पुरे.

आधी पुठ्ठ्याचा

धातूला हात लावण्यापूर्वी जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचे दोन हात आणि पत्रा कापा, टाचणीवर फिरवून बघा. बघायचे आहे एवढेच. हात उघडताना शेपूट नटाच्या जागेवर टेकते का, आणि मिटताना पुढचा हात मागच्या हाताच्या अटकावावरून जातो तेव्हा काय होते. कारण उजवा हात वर येताना त्याच्याच बाजूच्या, म्हणजे मागच्या हातासाठीच्या, स्क्रूच्या डोक्यावरून सरकतो. ते डोके पत्र्यात बुडालेले असले पाहिजे. पुठ्ठ्यावर हे डोळ्यांना दिसले की पुढची अर्धी चूक टळते. मग आपल्या एखाद्या शर्टाच्या खांद्याखाली तो पुठ्ठा धरा. खांदे उतरते असतील तर २० अंशाऐवजी २३-२४ लागतील. हे आत्ता कळले तर बरे.

कापणे आणि भोके

पट्टीचे २४३ मिलिमीटरचे दोन तुकडे कापा. दोन्ही एकावर एक ठेवून क्लॅम्पमध्ये धरा. भोके एकदमच पाडायची. वेगवेगळी पाडली की अर्ध्या मिलिमीटरचा फरक हमखास पडतो, आणि एक खांदा वर, एक खाली दिसतो.

शेपटीच्या टोकापासून ३३ मिलिमीटरवर, रुंदीच्या बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा. आधी ३ मिलिमीटरचे बिट, मग ५.२ चे. ५.२ मिळाले नाही तर ५ चे भोक पाडून गोल कानशीने हलके मोठे करा. ५.५ चे बिट हाताशी आहे म्हणून वापरू नका. शेपूट २५ मिलिमीटरवर अडते आणि टोक २१० वर आहे, म्हणजे इथली प्रत्येक ढिलाई टोकाला आठपटीहून जास्त होऊन दिसते. बिजागरीत अर्धा मिलिमीटर खेळ म्हणजे टोकाला ४ मिलिमीटर.

५.२ चे भोक १२ मिलिमीटरच्या पट्टीत मोठे वाटते. पट्टी तिथे कमजोर होईल अशी भीती रास्त आहे, पण भोक रुंदीच्या मध्यावर असले तर ताकद आठ टक्क्यांच्या आसपासच घटते. वाकताना ताण वरच्या आणि खालच्या कडेला येतो, मध्यावर जवळजवळ नसतो. तेच भोक कडेकडे सरकले तर मात्र पट्टी तिथेच वाकेल. म्हणून पंच मारण्याआधी मध्य दोनदा मोजा.

बाहेरच्या टोकापासून ८ मिलिमीटरवर दोरीसाठी ३.५ मिलिमीटरचे एकेक भोक. मग दोन्ही टोके अर्धगोल करा आणि सगळ्या कडांवरून आधी कानस, मग पॉलिश पेपर फिरवा. जुन्या सुती रुमालावर कडा ओढून बघा. एकही धागा अडकला तर पुन्हा घासा. शर्ट रुमालापेक्षा महाग असतो.

पत्र्यावर अटकावाच्या भोकांना सीएसकेचा खळगा पाडायचा. डाव्या भोकाचा खळगा मागच्या अंगाने, उजव्याचा पुढच्या. दोन्ही एकाच अंगाने पाडले तर एक नट चुकीच्या बाजूला येतो आणि पत्रा वाया जातो. या कामात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. कारखान्यात पत्रा देण्यापूर्वी मार्करने ‘पुढे’ आणि ‘मागे’ लिहून ठेवा.

काळे डाग

उघडे अ‍ॅल्युमिनियम ओल्या कपड्याला घासले की करडा-काळपट डाग पडतो. पांढऱ्या शर्टाला किंवा धोतराला तो लगेच दिसतो. त्यासाठी हाताला १२ मिलिमीटरची हीट श्रिंक नळी चढवायची. बोल्टच्या भोकापासून २० मिलिमीटर सोडून बाहेरच्या टोकापर्यंत, टोकाला ५ मिलिमीटर जास्त ठेवून. हॉट एअर गन असेल तर उत्तम, नाहीतर गॅसच्या आचेवर लांबून फिरवा. मधून सुरुवात करून बाहेरकडे जा, म्हणजे हवा आत अडकत नाही. शेपूट उघडीच ठेवा. दोरीचे भोक नळीखाली झाकले जाते, तिथे तापवलेली सुई टोचा.

पावडर कोटिंगही चालते आणि दिसायला छान होते. मात्र ते भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजले जाते, म्हणून पाइप, नळी आणि नायलॉन वायसर हे सगळे त्यानंतर. कोटिंगने भोकही आवळते, ५.२ चे बिट पुन्हा एकदा हाताने फिरवावे लागते.

आता खांदा. ३ मिलिमीटरच्या कडेवर शर्ट रात्रभर राहिला तर सकाळी खांद्यावर सुरीने आखल्यासारखी रेघ दिसते. इथे बागेचा पाइप कामाला येतो. अर्धा इंची पाइपचे आतले माप साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असते आणि पट्टीचा कर्ण १२.४ मिलिमीटर. म्हणजे पाइप न चिरता पट्टीवर चढतो. १० सेंटीमीटरचे दोन तुकडे गरम पाण्यात दोन-तीन मिनिटे टाका आणि मऊ असतानाच टोकाकडून सरकवा. बोल्टपासून ११० मिलिमीटरवर पाइप सुरू झाला पाहिजे. याच्या आत आणलात तर घडीत तो हुकाच्या माथ्यावर आपटतो. हुक १०० वर संपतो ते उगाच नाही. दोरीच्या भोकापाशी पाइपलाही आरपार टोचून घ्या.

जोडणी

बोल्टवर ओवण्याचा क्रम असा : स्टील वायसर, पुढचा हात, नायलॉन वायसर, पत्रा, नायलॉन वायसर, मागचा हात, स्टील वायसर, नायलॉक नट. नायलॉनचे वायसर वगळून चालणार नाही. एक तर त्यांच्यामुळे हात पत्र्यावर खरवडत नाही. शिवाय स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्या, खारट जागी एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी धरून झिजू लागते. घामाच्या कपड्यांचे पाणी खारटच असते.

नट किती आवळायचा? हँगर हुकाला धरून हात अर्धा उघडा ठेवा. हात आपल्या वजनाने हळूहळू पडला पाहिजे. धाडकन पडला तर ढिला, जागीच अडकला तर जास्त. बोल्टचे नटाबाहेर राहिलेले दोन-तीन मिलिमीटर कानशीने उतरवून गोल करा, नाहीतर शर्टाच्या आतल्या बाजूला ते खुपते.

एम३ चे अटकाव बसवताना एक गंमत हाती लागते. नायलॉक नट षटकोनी असतो. त्याची सपाट बाजू शेपटीकडे केली तर मध्यापासून अंतर २.७५ मिलिमीटर, कोपरा केला तर ३.२ च्या आसपास. हा अर्धा मिलिमीटरसुद्धा न भरणारा फरक टोकाला साडेतीन मिलिमीटर होऊन दिसतो. म्हणजे दोन्ही खांदे किंचित वर-खाली झाले असतील तर कानस उचलण्याची गरज नाही, खाली राहिलेल्या हाताचा नट थोडा फिरवून त्याचा कोपरा शेपटीकडे आणा. सुरुवात मात्र दोन्हीकडे सपाट बाजूने करा. कोपऱ्यावर कायम भार आला तर मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये खड्डा पडतो.

हुकावर १० मिलिमीटरची नळी चढवून आकसवा. लेझरने कापलेली कड लॉजच्या दांडीवर ओरखडे काढते, मालकाशी वाद नको.

दोरी आणि पँट

टोकांच्या भोकांतून दोरी ओवली की मोजे, बनियन, पंचा यांची सोय होते आणि जीनही टाकता येते. भोकांमधले अंतर ३८ सेंटीमीटर आहे. दोरी मात्र गाठी सोडून ४२ सेंटीमीटर ठेवा, मध्ये झोल पडू द्या. ताठ बांधण्याचा मोह होतो, पण ताठ दोरी वजनाखाली टोकांना आत ओढते आणि ती ओढ अटकावावर येते. १.४ किलोची ओली जीन ४२ सेंटीमीटरच्या दोरीवर टाकली तर अटकावावर साडेनऊ किलोच्या आसपास दाब येतो. दोरी ३९ सेंटीमीटरची केली तर पावणेचौदा किलो. कपडा तोच, वजन तेच. जीन शक्यतो दोरीच्या दोन टोकांशी चिमट्यांनी कमरेकडून टांगा. मध्यावर घातली तर गोळा होऊन वाळत नाही.

चाचणी

एक लिटरच्या पाण्याच्या चार बाटल्या घ्या. प्रत्येक हाताला, बोल्टपासून १३ सेंटीमीटरवर, दोन-दोन. टांगण्यापूर्वी टोकांची जमिनीपासूनची उंची भिंतीवर पेन्सिलीने खुणवा, चोवीस तास तसेच ठेवा, पुन्हा मोजा. या वजनाला पट्टी स्वतः टोकाशी मिलिमीटरभरही वाकत नाही. म्हणून टोक ४-५ मिलिमीटर उतरलेले दिसले तर दोष पट्टीत शोधू नका. एक तर भोक मोठे झाले आहे, किंवा नट शेपटीत रुतला आहे, किंवा एम३ चा स्क्रू खळग्यात नीट बसलेला नाही. सुरुवातीला एक-दोन मिलिमीटर उतरून तिथेच थांबले तर ठीक, ती बैठक असते. रोज उतरत असेल तर उघडून बघा. या चाचणीत अटकावावर दहा किलोच्या वर दाब येतो, म्हणजे झोल ठेवलेल्या दोरीवरची जीन यात बसते, ताठ दोरीवरची बसत नाही.

त्यानंतर दोनशे वेळा उघडझाप. बोल्टचा नट ढिला झाला तर तो नायलॉक नाही किंवा जुना वापरलेला आहे. नायलॉनची कडी दोन-चार वेळा काढ-घाल केली की पकड सोडते. शेवटी साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून, न पुसता, पांढऱ्या फडक्यावर ठेवा. सकाळी फडक्यावर करडी खूण दिसली तर नळी कुठेतरी फाटली आहे.

मिटल्यावर हँगर साडेचोवीस सेंटीमीटर लांब, साडेपाच रुंद होतो. वजन ११५ ग्रॅमच्या आसपास. पाइपचे दोन्ही तुकडे एकमेकांवर न चढता जरा फाकून शेजारी बसतात, त्यांच्याभोवती जुन्या सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती चढवा. सॅकमध्ये तो कपड्यांच्या मध्ये आडवा ठेवावा. उभ्या दिशेने पट्टी भक्कम आहे, पण चपट्या बाजूने ती लवकर वाकते. एसटीच्या रॅकवर सॅकवर कोणी ट्रंक ठेवली तर पहिली हीच वाकेल.

धातू नको असेल तर

खानापूरच्या बाजूला बांबू मिळतो आणि बुरुडाकडून हव्या त्या मापाची कांब काढून मिळते. तीन वर्षांपुढचा जून, वाळलेला बांबू घ्या. कोवळ्याला भुंगा लागतो आणि वाळताना पिळा पडतो. हात २० मिलिमीटर रुंद, ६ जाड ठेवा, आणि बोल्टचे भोक पेरापासून दूर पाडा. पेराजवळ तंतू वाकडे जातात, तिथे बांबू उभा चिरतो. शेपटीला नट टेकतो तिथे पातळ पितळी पत्र्याची टोपी घातली नाही तर पंधरा दिवसांत खाच पडते. रुंदी वाढल्यामुळे अटकावाचे भोकही ४ मिलिमीटर सरकवावे लागते, म्हणजे मध्यापासून १९ मिलिमीटर आणि वर २१. पत्र्याची वरची कड त्या हिशेबाने ३१ वर जाते. जाडी दुप्पट झाल्याने बोल्टही २५ मिलिमीटरचा. वॉर्निशचे तीन हात द्या, कापलेल्या तोंडांवर चार. पावसाळ्यात ओले हँगर सॅकमध्ये कोंबले तर बांबूवर बुरशी येते, अ‍ॅल्युमिनियमवर नाही. दिसायला मात्र बांबूचाच देखणा.

थ्रीडी प्रिंटरवर करायचा असेल तर पीएलए हे प्लॅस्टिक टाळा. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडते, आणि एप्रिलमध्ये रायबागेत उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. पीईटीजी प्लॅस्टिक घ्या, आणि हात आडवा झोपवून छापा. उभा छापला तर थरांच्या रेषेवर मोडतो.

पावसाळी खोलीत

वापराचे दोन-तीन बारकावे, कारण हँगर चांगला असूनही कपडा वाळत नाही अशी तक्रार इथूनच येते. ओल्या शर्टाचे पुढचे आणि मागचे पल्ले एकमेकांना चिकटतात आणि आतल्या अंगाला हवा लागत नाही. आत अर्ध्या लिटरची रिकामी बाटली आडवी अडकवली तर दोन्ही पल्ले सुटे राहतात. वर्तमानपत्राची सुरळी घालू नका, शाई उतरते. वरचे एकच बटण लावा, बाकी उघडी. कॉलर उभी करा. बाह्या आणि कॉलर सर्वात शेवटी वाळतात, म्हणून पिळताना तिथे जास्त जोर द्या. पिळल्यावर शर्ट कोरड्या पंच्यात गुंडाळून एकदा दाबून काढला तर तासा-दोन तासांचे काम वाचते.

टांगताना भिंतीपासून वीतभर दूर, पंख्याच्या वाऱ्यात, पण पंख्याच्या बरोबर खाली नको. तिथे वारा गोल फिरतो आणि कपडा हँगरवरून घसरतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमधून रात्रीचा प्रवास असेल तर बर्थजवळच्या हुकावर फक्त कोरडा किंवा दमट शर्ट लावा. ठिबकणारा नको, खाली कोणीतरी झोपलेले असते. आणि गाडीत किंवा बसमध्ये टांगताना हँगर प्रवासाच्या दिशेला समांतर ठेवा. आडवा ठेवला तर प्रत्येक ब्रेकला त्याचा चपटा अंग पुढे-मागे आपटतो, आणि मग चपट्या बाजूने वाकलेली पट्टी सरळ करत बसावे लागते.